आईनंतर नानी

कोर्टात त्या पोरीनं जे वाक्य म्हटलं ते माझं होतं. हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, बरोबरच्या शिक्षकांना नाही, आणि जिला सर्वांत आधी सांगायला हवं होतं त्या नानीला तर नाहीच. नानी गेल्या हिवाळ्यात गेली. तिच्यासमोर मान खाली घालायची वेळ आता येणार नाही, म्हणून बोलायला धजलो आहे. यात भूषण काही नाही. पण नुसतं वाक्य सांगून भागायचं नाही. नानी कोण होती ते कळल्याशिवाय त्या वाक्यानं काय केलं ते कळणार नाही.

बांगड्या भरायला बसली की नानी लगेच बांगडी उचलत नसे. आधी समोरच्या बाईचा हात आपल्या मांडीवर घ्यायची, दोन्ही तळव्यांत धरायची आणि नुसती बसून राहायची. तोंड चालू असायचं. सोयाबीनचं, सुनांचं, कुणाच्या म्हशीचं. बाईचं लक्ष हातावरून उडालं की अंगठ्याखालचं हाड हलकेच आत दाबायची आणि बांगडी मनगटावर कधी गेली ते त्या बाईलाही कळायचं नाही. एखादी घाईची असली, हात ताठ धरून बसली, की नानीचं ठरलेलं असे, "हात ढिला सोड, बाई. तूच धरून बसलीस तर काच माझं बी ऐकत न्हाई."

तुम्ही अशा बांगडीवाल्या पाहिल्या असतील. डोक्यावर टोपली, टोपलीवर धुवट लुगड्याचा तुकडा, आणि गल्लीच्या तोंडाशी आली की कुत्रीसुद्धा ओळखून गप्प बसतात अशी. आमची नानी त्यातलीच. चुडाव्याच्या स्टेशनापासून चालत जाता येईल अशा एका खेड्यात मी जिल्हा परिषदेच्या शाळेवर होतो, तिथं ती राहायची. मनियार मुसलमान. नवरा लवकर गेला, एक मुलगी. घरात दखनी बोलायची, आमच्याशी आमच्यासारखी मराठी, आणि रागावली की दोन्ही एकत्र.

हातावरून माणूस ओळखते असा तिचा लौकिक होता, आणि तो तिनं मिजाशीनं जपला होता. सरपंचाच्या नव्या सुनेचा हात धरून ती सगळ्या बायकांदेखत म्हणाली होती, "ह्या हाताला भाकरीचा चटका न्हाई, मोबाइलचा घट्टा हाय." सून दोन महिने बोलली नाही, आणि मग बांगड्या भरायला पुन्हा तिच्याकडेच आली. एकदा नानीनं माझाही हात धरून उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाली, "लय मऊ हाय गुरुजी. खडूबिगर काय उचललं न्हाई वाटतं." आतून माझी बायको म्हणाली, "मी रोज तेच म्हणते, नानी." त्या दिवशी दोघी माझ्यावर पोटभर हसल्या.

नानीची नात नाझिया माझ्या वर्गात होती. ती नानीकडे कशी राहायला आली ते सांगायला हवं.

नानीच्या मुलीचं लग्न परभणीत झालं होतं. जावई विहिरीच्या मोटारी दुरुस्त करणारा, अबोल, कष्टाळू. मुलगीही गुणाची. दोघंही वाईट नव्हती, एकत्र आली की वाईट व्हायची. मुलीनं खुला घेतला, म्हणजे बायकोनं मागून घेतलेली फारकत, आणि लहानग्या नाझियाला घेऊन माहेरी आली. वर्षा-दोन वर्षांत निजामाबादकडचं एक स्थळ आलं. बायको वारलेला, दोन लेकरांचा बाप, सज्जन माणूस. पण मुलगी ऐकेना. कारण शरीयतीत असं आहे, आणि हे मला त्या वेळी मशिदीच्या ओट्यावर बसलेल्या बैठकीत मौलानांनी समजावून सांगितलं होतं, की फारकतीनंतर मुलगी वयात येईपर्यंत आईजवळ राहते. मात्र आईनं लेकराच्या नात्याबाहेरच्या माणसाशी निकाह केला तर सांभाळायचा तिचा हक्क जातो. तो बापाकडे जात नाही. आधी आईच्या आईकडे जातो. बाप बाप असतोच, खर्च त्याचा, लक्ष त्याचं. पण कुशीत घ्यायचा हक्क आधी नानीचा.

मुलीला भीती ही, की निकाह केला तर पोरगी हातची गेली. तिला तयार केलं ते नानीनंच. चुलीपुढं बसून तिनं मुलीला काय सांगितलं ते मला तिनं पुढं कितीदा तरी ऐकवलं: "तुझा हक्क गेला तर कुटं जातो? माझ्याकडंच येतो ना? घरातल्या घरात ऱ्हायला. तू जा."

मुलगी गेली. जावयानंही चारचौघांत मान डोलावली. आणि त्या दिवसापासून नानीच्या तोंडी एक वाक्य बसलं: "माँ के बाद नानी." ते ती कशालाही वापरायची. पालकसभेला सगळ्यांच्या आधी येऊन पहिल्या बाकावर बसायची. मी हजेरी घेताना पालक कोण विचारलं की, "माँ के बाद नानी." नाझियाच्या डोक्यात उवा झाल्या म्हणून शाळेतल्या बाईंनी बोलावून घेतलं, तर शरमायच्या ऐवजी फणी कमरेला खोचूनच आली आणि म्हणाली, "माँ के बाद नानी. बसा, तुमच्या बी काढते." बाई उठून स्टाफरूममध्ये गेल्या.

नाझियाचा बाप महिन्याला एकदा यायचा. येताना फ्रॉक आणायचा, तो नेहमी मोठा असायचा. पोरगी किती वाढली असेल याचा अंदाज तो घाबरून जास्तच करायचा. नानी फ्रॉक आत दुमडून टाके घालायची आणि त्याला जेवल्याशिवाय जाऊ देत नसे. त्याला जमाई म्हणायचं तिनं कधी सोडलं नाही. नातं तुटलं ते त्यांचं, म्हणायची, माझं कुणी विचारलं का?

आता माझं थोडं सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. मी पाथरी तालुक्यातल्या एका बौद्धवाड्यातला. घरात मी पहिला शिकलेला, आणि शिकलो ते वसतिगृहात. आईनं मला लहानपणीच तिथं नेऊन सोडलं, मागं वळून पाहिलं नाही. रडलो असेन, पण ते रडणं मी पुढं विसरलो आणि नोकरी लक्षात ठेवली. शिकायचं असेल तर घर सुटावं लागतं, हे माझ्या हाडात बसलं होतं. माझ्याबाबतीत ते खरं होतं. म्हणून सगळ्यांच्या बाबतीत खरं असणार, असं मी धरून चाललो.

दुसरं असं, की मी स्वतः चारचौघांत बोलायला भितो. म्हणूनच असेल, पोरांना बोलायला शिकवण्यात माझा हातखंडा. वक्तृत्व स्पर्धेत आमच्या शाळेचं नाव होतं. माझी एक रीत होती. आधी ऐकणाऱ्याकडे बघायचं. श्वास घ्यायचा. वाक्य पूर्ण म्हणायचं, अडखळायचं नाही. आणि हात मागं बांधायचे, म्हणजे ते नाचत नाहीत. नाझियाचे हात फार नाचायचे. तिच्या घरात सगळं हातांनीच चालायचं ना. तिचे हात मागं बांधायला मला बरेच दिवस लागले. नानी एकदा तालमीच्या वेळी दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "लेकराचे हात कशाला बांधायलाव, गुरुजी? चोर हाय का ती?" मी हसून सोडून दिलं. पुढं नाझियानं तालुक्याला बक्षीस आणलं तेव्हा नानी गावभर सांगत सुटली. तिला भाषणातलं अर्धंही कळलं नव्हतं. पण लोक खुर्चीत हलले नाहीत, हे तिनं बघून ठेवलं होतं.

नाझिया पाचवीत गेली त्या वर्षी बापानं पुन्हा निकाह केला, आणि काही महिन्यांनी परभणीच्या कोर्टात अर्ज केला. मुलगी माझ्याकडे द्या. त्याची नवी बायको समजूतदार होती, तिनंच म्हटलं होतं म्हणे, की पोरगी तिथं कशाला, आपल्या घरी आणू. म्हणजे यात कुणी दुष्ट नव्हतं. दुष्ट कुणी असता तर मला आज बरं वाटलं असतं.

नानीनं वकील केला. वकिलानं सांगितलं, घाबरू नका. मुलगी वयात आलेली नाही, आईनं निकाह केलेला आहे, हक्क तुमचाच. फक्त कोर्ट लेकराचं भलं आधी बघतं, आणि लेकरू समजतं असेल तर त्याला विचारतं. आत बोलावून, एकटीला. पोरगी नानीकडे राहायचं म्हणाली की झालं. नानी निर्धास्त झाली. तिथून सरळ शाळेत आली आणि मला म्हणाली, तारखेला माझ्यासोबत परभणीला चला, मला तिथल्या पाट्या वाचता येत न्हाईत. मी हो म्हटलं.

त्याच आठवड्यात नाझियाचा बाप मला स्टेशनजवळच्या हॉटेलात भेटला. चहा त्यानं माझ्यापुढं सरकवला. मग म्हणाला, "गुरुजी, तुमीच सांगा. इथं सातवीनंतर काय हाय? नानी तिला टोपली देणार डोक्यावर. दुसरं काय देणार?" त्यानं माझ्याकडे काही मागितलं नाही. एवढंच बोलला आणि गेला. माझ्या मनात मात्र ती टोपली बसली.

मी नानीकडे जाऊन सरळ विचारायला हवं होतं, सातवीनंतर तुम्ही काय ठरवलंय. एक प्रश्न होता. तो मी विचारला नाही. तोंडावर बोलायची मला सवय नव्हती. दुसऱ्याच्या तोंडून बोलायची होती.

शाळा सुटल्यावर मी नाझियाला थांबवलं. नेहमी थांबायचीच ती, तालमीला. मी म्हटलं, जजमॅडम विचारतील, कुठं राहायचं. तू म्हणायचं, "मला खूप शिकायचं आहे, म्हणून मला अब्बूंकडे राहायचं आहे." बघ, श्वास घे, मग बोल. तिनं म्हटलं. मी एका जागी दुरुस्ती केली. तिनं पुन्हा म्हटलं. मग दप्तर उचलून ती दारापर्यंत गेली आणि वळली.

"सर, नानीला वाईट वाटंल का?"

"नानीला अभिमान वाटेल," मी म्हणालो. आणि वर हेही म्हणालो, की स्पर्धेच्या आधी आपण भाषण कुणाला सांगतो का? तिनं मान हलवली. तशी ती फार शहाणी पोर होती.

तारखेला आम्ही तिघं चुडाव्याहून पॅसेंजरनं परभणीला गेलो. नानीनं ठेवणीतली ओढणी घेतली होती, आणि टोपली घरी ठेवून पिशवीत थोड्या बांगड्या घेतल्याच होत्या. कोर्टाच्या व्हरांड्यात बाकावर बसल्या बसल्या तिनं तिथल्या पोलीसबाईशी गोत्र जुळवलं. पोलीसबाई म्हणाली, ड्यूटीवर काचेच्या चालत नाहीत. नानी म्हणाली, मग सुटीच्या दिवसाचं माप तर घेऊ दे, आणि तिचा हात घेऊन बसली. समोरच्या बाकावर नाझियाचा बाप होता. त्यानं सकाळपासून काही खाल्लं नव्हतं ते नानीनं चेहऱ्यावरूनच ओळखलं. पोळीत गुंडाळलेली मेथी त्याच्यापुढं धरून म्हणाली, "खा, जमाई. भांडायला बी ताकत लागती." त्याचा वकील बघत राहिला. जमाईनं खाल्ली.

मग नाझियाला आत बोलावलं. दाराला पडदा होता, तो पंख्यानं हलायचा. मी दाराशी उभा होतो. एकदा पडदा सरला आणि मला तिची पाठ दिसली. दोन वेण्या, लाल फिती. हात मागं बांधलेले. एका हातानं दुसऱ्याचं मनगट घट्ट धरलेलं. तिचे खांदे वर गेले आणि खाली आले. श्वास घेतला होता तिनं, मी सांगितला तसा.

नानीनं बाकावरून विचारलं, "काय दिसायलं, गुरुजी?"

"काही नाही," मी म्हणालो. "पडदा आहे."

निकाल पुढच्या तारखेला लागला. मुलीनं बापाकडे राहावं. सुट्यांत, सणाला नानीकडे यावं. वकील जरा चिडलेला होता. म्हणाला, हक्काचं काही चाललं नाही, पोरगीच म्हणाली ना. मॅडमनी तिला दोनदा विचारलं, तुला कुणी शिकवून पाठवलं का? ती म्हणाली, नाही, हे माझं मत आहे.

ते वाक्य मी शिकवलं नव्हतं. ते तिनं माझ्यासाठी म्हटलं.

नानी ऐकून घेत होती. मला वाटलं आता ती कोसळेल, भांडेल, निदान एकदा तरी 'माँ के बाद नानी' म्हणेल. तिनं ओढणी सारखी केली आणि मला बाजूला घेऊन विचारलं, पोरगी अडखळली तर न्हाई ना? मी वकिलाकडे पाहिलं. वकील म्हणाला, अडखळली नाही हो, मॅडम म्हणाल्या की इतकी स्वच्छ बोलणारी मुलगी कोर्टात बघितली नाही. नानीनं माझ्याकडे पाहून मान हलवली आणि म्हणाली, "तुमी शिकवलं म्हणून बोलली."

मी तेव्हाच बोलायला हवं होतं. वकील समोर होता, कोर्ट दोन पावलांवर होतं, अपिलाची मुदत होती. मी पॅसेंजरची वेळ झाली म्हणालो.

नाझियाला न्यायला बाप आला त्या दिवशी मी नानीच्या घरी होतो. नानीनं ओट्यावर पोरीचा हात मांडीवर घेतला होता. निळ्या काचेच्या बांगड्या काढून ठेवल्या होत्या. पोरीचा हात लाकडासारखा ताठ. नानी नुसती धरून बसली. या वेळी ती बोलतही नव्हती. बाप अंगणात उभा, मी दारात उभा, जीपवाला हॉर्न वाजवून थकला. शेवटी ती हळूच म्हणाली, "हात ढिला छोड, बेटा." किती वेळ लागला ते ठाऊक नाही, पण हात सुटला आणि बांगड्या गेल्या. एकही फुटली नाही.

पुढच्या बाजाराला मला कौसाबाई भेटली. ही आमच्या गावातली भाजीवाली, रोज सकाळच्या गाडीनं पूर्णेला जायची. वांगी निवडताना सहज म्हणाली, "नानीची पोरगी गेली म्हणं. मी तर जागा धरायची सोय केली होती बघा." मी विचारलं, कसली जागा? तर म्हणाली, नानीनं उन्हाळ्यातच सांगून ठेवलं होतं. सातवी झाली की पोरगी तुझ्यासोबत रोज गाडीनं पूर्णेच्या हायस्कुलात जाईल, तूच न्यायची, तूच आणायची, आणि डब्यात तिला खिडकीपाशी बसवायची. कौसाबाईनं बदल्यात जन्मभर फुकट बांगड्या मागितल्या होत्या, आणि नानीनं कबूल केलं होतं.

वांगी तशीच टाकून मी घरी आलो.

नाझिया यायची. पहिल्या वर्षी दर सुटीला, मग ईदला, मग कधीतरी. आली की पाहुणीसारखी बसायची. पूर्वी जी पोर नानीच्या मांडीवरून उठत नसे ती आता दाराजवळ टेकायची आणि ओढणीचं टोक गुंडाळत राहायची. नानीला वाटायचं, शहराची झाली, आता आपलं घर तिला बारकं पडतं. मला खरं ठाऊक होतं. ती लाजत होती. आपण नानीला नको म्हणालो, कोर्टात, मोठ्यांदा, हे तिच्या मनातून जात नव्हतं. दोघी एकमेकींसमोर बसायच्या, एकीला वाटे हिला मी नको, दुसरीला वाटे मी हिला तोंड कसं दाखवू, आणि त्या दोघींच्या मध्ये माझं वाक्य बसलेलं असायचं. मी दोघींनाही केव्हाही भेटू शकत होतो असा मधला माणूस. मी काय करायचो? तब्येत विचारायचो.

नानीनं तिला कधी बोल लावला नाही. गावातल्या बायका लावायच्या. म्हणायच्या, एवढं केलं आणि पोरगी बापाकडं पळाली. नानी त्यांचा हात हातात घेऊन बसलेली असायची, बांगडी अर्ध्यावर. म्हणायची, "खरं बोलली ती. खोटं बोलली असती तर मला वाईट वाटलं असतं." मी हे ऐकलं आहे. माझ्या बायकोचा हात तिच्या हातात होता तेव्हा ऐकलं आहे.

दर ईदला तिच्या घरून शीरखुर्म्याचा डबा यायचा. आधी नाझिया आणून द्यायची, नंतर नानी स्वतः. त्यात बदाम जास्त असायचे, कारण गुरुजींचं डोकं चालतं ते गावाच्या कामाचं असतं, असं तिचं म्हणणं. मी तो खात आलो. एकही वर्ष नको म्हणालो नाही. नको म्हणालो असतो तर का ते सांगावं लागलं असतं.

एक गोष्ट तिच्या घरात मी पाहिली होती, तिचा अर्थ फार उशिरा लागला. कोनाड्यात एक पत्र्याची पेटी होती. त्यात दोऱ्यानं बांधलेल्या बांगड्यांचे जुडगे. मी विचारलं तर म्हणाली, नाझियाचं माप. पोरगी आली तरी हात मांडीवर देत न्हाई, पर हात वाढायलाच ना. म्हणून ती दर ईदला अंदाजानं एक मोठं माप काढून ठेवायची. हात बघितल्याशिवाय माप सांगायचं नाही हा तिचा आयुष्यभराचा नेम, तो तिनं त्या एका हातापुरता मोडला होता. मला नाझियाच्या बापाचे ते मोठे फ्रॉक आठवले.

गेल्या हिवाळ्यात नानी दोन दिवसांच्या तापानं गेली. तिची मुलगी निजामाबादेहून आली, जमाई आला, त्याची बायको आली. नाझिया नांदेडला फार्मसीला आहे, ती मातीनंतर पोहोचली. तिचं शिक्षण चांगलं चाललं आहे. बापानं शब्द पाळला. हे मी मुद्दाम लिहितो, कारण लोक मला म्हणतील, भलंच झालं की. झालं असेल. पण नानीनं खिडकीपाशी धरून ठेवलेल्या त्या जागेवर बसूनही ते झालं असतं, आणि मग नानी 'खरं बोलली ती' असं मनाशी घोकत मेली नसती.

तिसऱ्या दिवशी जियारत, म्हणजे कबरीवरची दुआ, झाली. माणसं पांगल्यावर मी ओट्यावर बसलो होतो. नाझिया ती पत्र्याची पेटी घेऊन बाहेर आली. एकेक जुडगा सोडून हातात घालून बघत होती. लहान, लहान, मनगटावर न चढणारे. शेवटचा जुडगा निळा होता. तो तिनं घेतला, हात जरा सैल सोडला, स्वतःच अंगठ्याखालचं हाड दाबलं, आणि बांगड्या गेल्या. नेमक्या बसल्या. हात न बघता काढलेलं माप होतं ते.

मग ती उठून माझ्यासमोर उभी राहिली. केव्हा ते तिलाही कळलं नसेल, पण हात मागं गेले, एकानं दुसऱ्याचं मनगट धरलं. काच वाजली.

"सर, तुम्ही नानीच्या जवळचे होता. मी तिथं जे बोलले त्यावरून ती नाराज होती का?"

"नाही," मी म्हणालो. "ती कधीच नाराज नव्हती."

हे खरं होतं, आणि यामागं मी पुन्हा लपलो. ती अजून तशीच उभी होती, अजून काही येईल म्हणून. मी चप्पल पायात सरकवली आणि, जायचं कुठंच नव्हतं तरी, गाडीची वेळ झाली म्हणालो. तेच, कोर्टाबाहेर म्हणालो होतो तेच.

नानीचं देणं आता फिटणारं नाही. नाझियाचं आहे. ते वाक्य तुझं नव्हतं, माझं होतं. तू नानीला सोडलं नाहीस, मी तुझे हात बांधले होते. आणि नानी तुला पूर्णेला पाठवणार होती. एवढं तिच्यासमोर बसून, माझ्या तोंडानं सांगायचं देणं मी तिला लागतो. हे लिहिल्यानं ते फिटलेलं नाही. नांदेड इथून दूर नाही, आणि मी अजून गेलेलो नाही.